हळकुंड मोडून बघणारी मुलाखत
वाचकांचे प्रश्न : टेक कंपनीत रिक्रूटरची नोकरी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो. पोत्यावर काय लिहिलंय ते वाचून कुणी भाव बोलत नाही. रिक्रूटरच्या, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधून भरती करणाऱ्याच्या, मुलाखतीतही असंच होतं, कारण समोर बसलेली माणसं स्वतः रोज मुलाखती घेतात. उमेदवार काय लपवतो, कुठे फुगवून सांगतो हे त्यांना तोंडपाठ असतं. ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते कानावरून जातं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. कंपन्यांची नावं वाचकांनी लिहिली असली तरी आम्ही गाळली आहेत.

एचआरमध्ये एमबीए झाले आहे. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत दीड वर्ष आयटीची भरती करते. एका प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी) फोनवरची पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत ‘तुमचे आकडे सांगा’ म्हणाले. मी ‘महिन्याला पाच-सहा पोझिशन क्लोज करते’ असं सांगितलं. त्यांनी आणखी तीन-चार प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत मुलाखत आटोपली. त्यांना नेमकं काय हवं होतं?
– शाहूपुरी, सातारा

‘पाच-सहा’ इथंच गाडी अडली. ज्याचा आकडा खरा असतो तो सहसा ‘गेल्या तिमाहीत १४, त्यातले ११ रुजू झाले’ असं बोलतो. पण शेवटचा आकडाही तसा कमी महत्त्वाचा. त्यांना चाळणी हवी असते, म्हणजे वरून किती पडले आणि प्रत्येक जाळीतून किती खाली आले.

एक उदाहरण घेऊ. समजा, तिमाहीत तुमच्याकडे १० जागा होत्या. २४० प्रोफाइल उघडून पाहिले, ९० जणांशी फोनवर बोललात, ४२ क्लायंटकडे पाठवले, २४ शॉर्टलिस्ट झाले, २० मुलाखतीला बसले, ८ जणांना ऑफर गेली, ६ रुजू झाले. यातली प्रत्येक गळती वेगळी गोष्ट सांगते. ४२पैकी २४ म्हणजे ५७ टक्के शॉर्टलिस्ट. हा आकडा २० टक्क्यांवर असता तर तुम्हाला जागाच नीट कळली नव्हती, असा अर्थ निघाला असता. २४ शॉर्टलिस्ट झाले आणि २० बसले, तर चार जण ऐनवेळी आलेच नाहीत, म्हणजे पाठपुरावा कुठेतरी सैल होता. २०मधून ८ ऑफर हे बऱ्याच अंशी मॅनेजरच्या हातात असतं. ८मधून ६ रुजू झाले हे मात्र पुन्हा तुमच्यावर येतं.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ते दोघे का गेले, आणि तुम्हाला कधी कळलं? ‘जास्त पगार मिळाला’ हे उत्तर पुरत नाही. ‘राजीनामा स्वीकारल्याची मेल आठवडाभरात मागितली होती, ती आली नाही, तेव्हाच शंका आली, मॅनेजरना सांगून दुसरा उमेदवार तयार ठेवला’ असं म्हणता आलं, तर ड्रॉप झालेली ऑफरसुद्धा तुमच्या बाजूने बोलते. तुमचे ‘आणखी तीन-चार प्रश्न’ बहुधा याच वळणाचे असणार.

दोन मोजमापांत पुष्कळांचा गोंधळ होतो. जागा मंजूर झाल्यापासून ऑफर स्वीकारली जाईपर्यंतचे दिवस म्हणजे टाइम टू फिल. एखादा उमेदवार प्रक्रियेत आल्यापासून त्याने ऑफर स्वीकारेपर्यंतचे दिवस म्हणजे टाइम टू हायर. पहिल्यात मॅनेजरचा आळसही मोजला जातो, दुसऱ्यात तो बराचसा सुटतो. कंपन्या हे थोडं वेगवेगळं मोजतात, त्यामुळे आकड्यासोबत ‘मी इथून इथपर्यंत मोजते’ हेही सांगून टाकावं.

तयारीसाठी एक एक्सेल शीट पुरते. गेल्या १२ महिन्यांतल्या प्रत्येक जागेची एक ओळ करा : जागा कधी आली, पहिला प्रोफाइल किती दिवसांनी गेला, किती पाठवले, किती बसले, ऑफर, जॉइनिंग, उमेदवार कुठून मिळाला, जागा अडली तर का. आठवणीवर विसंबू नका, आठवणीत यशच जास्त राहतं. आणि ‘आम्ही क्लोज केलं’ म्हणू नका. टीममध्ये शोध एकाचा आणि ऑफर दुसऱ्याची असं असेल, तर आपला वाटा तेवढाच सांगा.

एक चूक मात्र सगळं घालवते. काही जण पुरावा म्हणून जुनी शीट स्क्रीनवर उघडून दाखवतात, त्यात क्लायंटची नावं, उमेदवारांचे फोन नंबर, पगार सगळं दिसतं. आज त्यांची माहिती इथे उघडी करणारी व्यक्ती उद्या आपलीही करेल, हे समोरच्याला सांगावं लागत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाल्यापासून कंपन्या याबाबत आणखी जाग्या झाल्या आहेत.

लॅपटॉप शेअर करायला लावून ‘पुण्यासाठी चार ते सात वर्षांचा जावा डेव्हलपर शोधा, २५ मिनिटं आहेत’ असं सांगितलं. मी सर्चमध्ये जावा, स्प्रिंग, पुणे टाकलं, हजारो नावं आली. खाली खाली जात राहिलो आणि वेळ संपली. यात काय बघतात?
– विश्रामबाग, सांगली

किती नावं सापडली हे फारसं कुणी मोजत नाही. तुम्ही हजारांवरून चाळीसवर कसे येता, आणि येताना काय बोलता, ते बघतात. गप्प बसून शोधणारा उमेदवार तिथे निम्मे गुण गमावतो. प्रत्येक फिल्टर लावताना कारण तोंडाने सांगायचं.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटं शोधू नका, विचारा. जावासोबत स्प्रिंग बूट सक्तीचं आहे का? नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या नोकरीत थांबायचे दिवस, किती चालतील? बजेट काय? हे न विचारता थेट टाइप करायला बसणं हीच पहिली चूक.

मग बूलियन, म्हणजे अँड, ऑर, नॉट या शब्दांनी जोडलेला शोध. इथे देवनागरीत छापलं आहे, प्रत्यक्षात अर्थातच इंग्रजीत टाइप करायचं :

("जावा डेव्हलपर" ऑर "बॅकएंड इंजिनिअर" ऑर "सॉफ्टवेअर इंजिनिअर") अँड जावा अँड ("स्प्रिंग बूट" ऑर स्प्रिंगबूट) अँड (मायक्रोसर्व्हिस ऑर मायक्रोसर्व्हिसेस)

पदाची नावं तीन घेतली, कारण एकाच कामाला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. स्प्रिंग बूट दोन तऱ्हांनी लिहिलं, कारण लोक तसंच लिहितात.

आता हे कुठे फसतं ते बघा. कंस विसरले तर ‘जावा अँड पुणे ऑर सातारा’ याचा अर्थ लिंक्डइन ‘जावावाला पुणेकर, किंवा साताऱ्याचा कुणीही’ असा लावतं, कारण अँड आधी सोडवलं जातं आणि ऑर नंतर. मग यादीत साताऱ्याचे विमा एजंटही येतात. लिंक्डइनवर अँड, ऑर, नॉट हे शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागतात. वर्डमध्ये तयार केलेली ओळ तशीच चिकटवली की अवतरण चिन्हं वळणदार होतात आणि लिंक्डइन ती ओळखत नाही. ओळ बरोबर असूनही निकाल विचित्र आला की आधी तिकडे बघा. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावून अर्धा शब्द शोधण्याची सवयही लिंक्डइनवर चालत नाही.

सर्वांत मोठा सापळा नॉटचा. जावा आणि जावास्क्रिप्ट वेगळ्या भाषा आहेत हे माहीत असल्याचं दाखवण्यासाठी बरेच जण हौसेने ‘नॉट जावास्क्रिप्ट’ जोडतात. पण जावाच्या कितीतरी चांगल्या डेव्हलपरच्या प्रोफाइलमध्ये जावास्क्रिप्टही लिहिलेलं असतं, कारण थोडं फ्रंटएंड, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाचं काम, बरेच जण करतात. त्या एका शब्दाने उत्तम माणसं यादीतून उडतात. नॉट वापरायचंच तर पदाच्या नावावर वापरा. उदाहरणार्थ ट्रेनर, रिक्रूटर, फ्रेशर वगळा.

लिंक्डइनचं पैसे भरलेलं खातं दिलं नसेल तर गूगलवरून शोधता येतं. ‘साइट’ या इंग्रजी शब्दानंतर कोलन, मध्ये जागा न सोडता लिंक्डइनचा पत्ता, आणि पुढे हवे ते शब्द. गूगलवर नॉट चालत नाही. वगळायच्या शब्दाच्या आधी उणे चिन्ह, तेही मध्ये जागा न सोडता. नोकरीच्या साइटवर उमेदवार शेवटचा कधी सक्रिय होता हा फिल्टर असतो, तो आधी लावा. वर्षभर लॉग-इन न केलेल्या माणसाला फोन करत बसण्यात वेळ जातो.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. तीन प्रोफाइल निवडून प्रत्येकी का निवडलं ते एका वाक्यात सांगा, आणि वरवर चांगलं दिसणारं एक का सोडलं तेही सांगा. या चौथ्या प्रोफाइलवरून तुमची पारख कळते.

मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं आहे, तंत्रज्ञानाचा गंध नाही. तांत्रिक प्रश्न कितपत विचारतात?
– मिरज

कोड लिहायला कुणी सांगत नाही. शब्दांचा घोळ मात्र होता कामा नये. रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी, अँग्युलर टाइपस्क्रिप्टवर चालतं, ही दोन्ही पडद्यावर दिसणाऱ्या भागाची. स्प्रिंग बूट जावाचं, जँगो पायथॉनचं, ही मागच्या बाजूची. नोड म्हणजे जावास्क्रिप्टच, पण सर्व्हरवर. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगलचे तीन क्लाउड, डॉकर आणि कुबरनेटीज सॉफ्टवेअर तिथे चालवण्यासाठी, सेलेनियम टेस्टिंगला. एवढा नकाशा डोक्यात असला की सुरुवातीच्या जागेसाठी निभावतं.

मुलाखतीत बहुतेकदा एखादा सीव्ही हातात देतात आणि ‘याला काय विचाराल?’ म्हणतात. तंत्रज्ञान येत नसलं तरी विचारायचे प्रश्न येतात : या प्रोजेक्टमध्ये तुमच्याकडे नेमकं काय होतं? टीम किती जणांची? हे वापरणारे लोक किती? रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कुणाला यायचा? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. ज्याने खरंच काम केलंय तो त्यावर हसून बोलायला लागतो. वस्तीत घरोघर जाऊन माहिती काढायची सवय एमएसडब्ल्यूला लागलेलीच असते, तिचा उल्लेख करा, लाजू नका.

रोल-प्लेमध्ये एकजण हायरिंग मॅनेजर (ज्याच्या टीममध्ये जागा भरायची तो) झाले. १५ वर्षांचा कुबरनेटीजचा अनुभव, ३० दिवसांत जॉइनिंग आणि बजेट २० लाख, असं म्हणत होते. मी दोनदा अडखळत बोलायचा प्रयत्न केला, ते आवाज चढवत गेले. शेवटी ‘हो सर, बघतो’ म्हणालो. निवड झाली नाही.
– कऱ्हाड

‘हो सर’ म्हणालात तिथे परीक्षा संपली. ते चिडण्याचं सोंग घेत होते, आणि तुम्ही कधी वाकता ते बघत होते.

त्यांच्या मागणीतली पहिलीच अट अशक्य आहे. कुबरनेटीज गूगलने २०१४मध्ये सर्वांसाठी खुलं केलं; १५ वर्षांचा अनुभव कुणाकडे असणार? रिअ‍ॅक्ट २०१३मध्ये खुलं झालं, स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती २०१४ची. अशी चार-पाच सालं पाठ ठेवा. अशक्य वर्षं मागणारी जाहिरात हा या फेरीतला जुनाच सापळा आहे.

दुसरी अट ३० दिवसांची. मोठ्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, आणि तुमच्या प्रक्रियेलाच दोन-तीन आठवडे लागणार. म्हणजे ३० दिवसांत येणारा माणूस फक्त तीन ठिकाणी सापडतो : आधीच नोटीसवर असलेला, सध्या नोकरी नसलेला, किंवा ज्याचा उरलेला नोटीस पिरियड कंपनी पैसे भरून विकत घेते तो. यातलं काय चालेल, हे मॅनेजरनेच ठरवायचं असतं.

आपल्याकडे वयाने, पदाने मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं उद्धटपणा वाटतो, त्यामुळे कऱ्हाड-साताऱ्याकडचे चांगले उमेदवार नेमके या फेरीत पडतात. नकार न देता पर्याय मांडता येतो. असं :

‘सर, तीस दिवस पक्के असतील तर मी फक्त नोटीसवर असलेल्यांमध्ये शोधतो. पण त्यांच्या हातात आधीच एखादी ऑफर असते, म्हणून बजेट थोडं वर न्यावं लागेल. बजेट २० लाखच असेल तर नोटीस पिरियड बायआउट करायची तयारी हवी, किंवा अनुभव एक-दोन वर्षांनी कमी चालवून घ्यावा लागेल. यातलं कुठलं सोयीचं पडेल?’

अनुभव, पैसा आणि दिवस. तिन्ही घट्ट धरले तर जागा रिकामीच राहते, हे सांगणं रिक्रूटरचं कामच आहे.

या भेटीत विचारायचे प्रश्न लिहून न्या, कागद समोर ठेवला तर गुण कापत नाहीत. जागा का रिकामी झाली, कुणी सोडली की नवीन तयार केली? अटींपैकी कुठल्या तीन नसतील तर मुलाखतच घेणार नाही? फेऱ्या किती, कोण घेणार, फीडबॅक किती तासांत? आधीचे उमेदवार कशावरून नाकारले? टीममधल्या कुणासारखा माणूस हवा? आणि शेवटी : ‘परवा तीन नमुन्याचे प्रोफाइल पाठवतो, तिन्हींवर हो-नाही आणि कारण सांगा.’ या तीन नमुन्यांतून मॅनेजरच्या मनातलं चित्र जितकं स्पष्ट होतं तितकं तासभर बोलूनही होत नाही. मुलगी बघायला निघालेल्यांच्या अटींची यादी आणि प्रत्यक्षात पसंत पडलेली मुलगी यांचा किती मेळ असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

साखर कारखान्यात टाइम ऑफिस आणि पर्सोनेलमध्ये आठ वर्षं आहे. वय ३४. टेक कंपनीत रिक्रूटर म्हणून घेतील का?
– पलूस तालुका, जि. सांगली

घेतील, पण आठ वर्षं पूर्ण मोजून घेणार नाहीत. कारखान्यात हंगामाच्या आधी माणूस गेटवर येतो, तुम्ही त्यातून निवडता. इथे हवा असलेला माणूस दुसरीकडे सुखात नोकरी करत असतो, त्याने अर्ज केलेलाच नसतो. त्याला शोधून, फोन करून, त्याचा कल बदलावा लागतो. मुलाखतीत हा फरक तुम्ही स्वतः होऊन मांडलात तर अर्धी शंका फिटते.

हंगामी कामगारांची मोठी भरती ठरावीक तारखेआत पुरी करणं, पीएफ-ग्रॅच्युइटीची पक्की माहिती, युनियनशी बोलण्याची सवय, अ‍ॅप्रेंटिसचं काम, हे सगळं इथे चालतं, पण त्यांच्या भाषेत सांगावं लागतं : ‘३५ दिवसांत इतक्या जागा भरल्या, इतके हंगाम संपेपर्यंत टिकले.’ कायद्यांची कलमं सांगत बसू नका. थेट प्रॉडक्ट कंपनीपेक्षा आधी एखाद्या स्टाफिंग फर्ममध्ये किंवा दुसऱ्या कंपन्यांची भरती चालवणाऱ्या आरपीओमध्ये वर्षभर काढणं सोपं पडतं. पगार सुरुवातीला कदाचित वाढणार नाही, ते घरी आधी बोलून घ्या.

ऑफर देण्याच्या रोल-प्लेमध्ये उमेदवार झालेल्या बाई म्हणाल्या, ‘२० टक्के वाढ दिसते, पण मला काही हाताला लागत नाही.’ मी म्हणाले, ‘मॅडम, मार्केटमध्ये हीच वाढ आहे.’ त्यांनी डोकं हलवलं आणि फेरी संपली. त्यांचं बरोबर होतं का?
– सातारा रोड, कोरेगाव

त्यांचं बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. या फेरीत गोड बोलण्यापेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त बघतात. कागद घ्या.

सध्याचं सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च, १० लाख, त्यातलं १ लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमी-जास्त मिळणारं. नवी ऑफर १२ लाख, त्यातलं २,४०,००० व्हेरिएबल. एकूण वाढ २० टक्के. पण ठरलेला, म्हणजे फिक्स्ड भाग ९ लाखांवरून ९,६०,००० झाला. ही वाढ साडेसहा-पावणेसात टक्केच.

आणखी खाली जाऊ. दोन्हीकडे बेसिक सीटीसीच्या निम्मं धरा, आणि कंपनीचा पीएफ व ग्रॅच्युइटी फिक्स्डमध्येच धरलेली आहे असं माना. जुन्या नोकरीत बेसिक ५ लाख : कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ६०,०००, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २४,०५०, कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ आणखी ६०,०००, व्यवसाय कर वर्षाचा २,५००. ९ लाखांतून हे वजा केलं की ७,५३,४५० उरतात, म्हणजे महिन्याला सुमारे ६२,८००. नव्या ऑफरमध्ये बेसिक ६ लाख : ७२,०००, २८,८६०, पुन्हा ७२,००० आणि २,५००. ९,६०,०००तून वजा करून ७,८४,६४०, महिन्याला सुमारे ६५,४००. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत या पातळीच्या पगारावर आयकर लागत नाही, म्हणून तो धरला नाही.

वीस टक्के वाढ आणि हातात २,६०० रुपये. त्यात सांगलीहून पुण्याला बिऱ्हाड न्यायचं असेल तर माणूस येईल कशाला?

४.८१ कुठून आलं, असा उपप्रश्न हमखास येतो. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. १५ भागिले २६ भागिले १२, म्हणजे ४.८१ टक्के. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,०००च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० कापतात. तिथे हातात येणारी रक्कम बरीच बदलते. म्हणून ऑफरवर बोलण्याआधी उमेदवाराच्या गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागायच्या असतात, नुसता सीटीसीचा आकडा नाही.

तुम्ही त्या फेरीत काय करायला हवं होतं? मान्य करायचं, आकडे त्यांच्यासमोर मांडायचे आणि विचारायचं : ‘व्हेरिएबल गेल्या वर्षी तुम्हाला किती टक्के मिळालं? आमच्याकडे किती मिळतं ते मी मॅनेजरकडून लेखी विचारून सांगते. फिक्स्ड किती झाला तर तुम्ही निश्चित याल?’ या शेवटच्या प्रश्नाशिवाय वाढीव रकमेसाठी वर जाऊ नका. वाढ मंजूर करून आणली आणि उमेदवार आणखी मागू लागला, तर मॅनेजरपुढे तुमचा शब्द पडतो. जॉइनिंग बोनस सुचवलात तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यावा लागतो, ही अट त्याच वाक्यात सांगा. नंतर ऑफर लेटरमध्ये वाचून कळली की फसवल्यासारखं वाटतं.

मुलाखतीत ‘लग्न कधी करणार, सासर पुण्यात नसेल तर काय?’ असं विचारलं. काय उत्तर द्यावं?
– इस्लामपूर परिसर

प्रश्न गैर आहे. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६च्या समान मोबदला कायद्यानेच मनाई केली होती, तीच तरतूद पुढे वेतन संहिता २०१९मध्ये आली. तिथल्या तिथे वाद घालायचा नसेल तर प्रश्न कामाकडे वळवा : ‘आठवड्यातून किती दिवस ऑफिस आहे ते सांगा, मी तेवढे दिवस हजर राहू शकते.’ आणि ते खरं असेल तरच बोला. सातारा ते पुणे ११० किलोमीटर. तीन दिवस जाऊन-येऊन करू असं मुलाखतीत सांगणारे दुसऱ्या महिन्यात घाटात अडकून मीटिंग चुकवतात.

रिक्रूटरच्या जागेला हाच प्रश्न उलटाही येतो : ‘मॅनेजर म्हणाला, नुकतंच लग्न झालेली नको, तर काय कराल?’ उत्तर एकच. ती अट लिहून घेणार नाही, कामाच्या निकषांवर यादी देईन, आणि मॅनेजर अडून बसला तर एचआरमध्ये वर कळवेन. इथे घुटमळणाऱ्याला चांगली कंपनी घेत नाही.

बनावट उमेदवार कसा ओळखाल, असं विचारलं होतं. मी ‘अनुभवाने’ म्हणालो.
– वाई

अनुभव दोन जागी दिसायला हवा. पहिला, व्हिडिओ मुलाखतीत दुसराच बसतो तो प्रकार. फोनवर बोललेला आवाज आणि मुलाखतीतला आवाज जुळतो का, ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा जुळतो का, ओठ आणि शब्द पुढेमागे होतात का, प्रत्येक उत्तराआधी ठरावीक वेळ थांबून नजर एकाच बाजूला जाते का, ते बघायचं. शंका आली तर सीव्हीतला एखादा बारकावा मध्येच विचारायचा : त्या टीमचं रोजचं स्टँड-अप (छोटी मीटिंग) किती वाजता असायचं? वाचून उत्तर देणारा तिथे अडखळतो. दुसरा प्रकार खोट्या अनुभवाचा. उमेदवाराच्या संमतीने यूएएनवरची (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघितली की कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते कळतं, एकाच वेळी दोन नोकऱ्याही दिसतात. पण छोट्या कंपनीने पीएफ भरलाच नसेल तर खरा अनुभवही तिथे दिसत नाही. तेव्हा बँकेतली पगाराची नोंद आणि फॉर्म १६ मागायचा, लगेच खोटारडा ठरवायचं नाही. हे शेवटचं वाक्य मुलाखतीत आवर्जून बोला.

एका कंपनीने निवड झाल्याचं मेलवर कळवलं आणि लॅपटॉपसाठी १५,००० रुपये डिपॉझिट मागितलं. भरू का?
– तासगाव

भरू नका. नोकरी देणारी खरी कंपनी पैसे मागत नाही. भरले असतील तर आत्ताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळणं अवघड.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात, तेव्हा मी ‘नाही’ म्हणते. चालतं का?
– गणपती पेठ, सांगली

रिक्रूटरच्या जागेला चालत नाही. उमेदवाराने प्रश्न विचारावेत असं ज्याचं रोजचं म्हणणं असतं, त्यानेच गप्प बसायचं?

तीन प्रश्न पुरेत. एका रिक्रूटरकडे एका वेळी किती जागा असतात? उद्दिष्ट ऑफरवर मोजता की जॉइनिंगवर? ऑफरवर मोजत असतील तर नंतरच्या ड्रॉपचा हिशेब कुणाच्या नावावर, तेही विचारा. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नंतर पस्तावतात : मी कुणाच्या पेरोलवर असेन? मोठ्या टेक कंपन्यांतल्या बऱ्याच रिक्रूटरच्या जागा तिसऱ्या कंपनीच्या पेरोलवर, सहा महिने किंवा वर्षाच्या करारावर असतात. ओळखपत्र एका कंपनीचं, पगार दुसऱ्या कंपनीचा, आणि भरती थांबली की पहिल्यांदा याच जागा जातात. करारावर काम करण्यात कमीपणा नाही, सुरुवातीला तर बरीच कामं शिकायला मिळतात. पण कराराची मुदत, मुदतवाढ कोण ठरवतं आणि कायम होण्याची वाट आहे की नाही, हे ऑफर लेटर सही करून परत पाठवण्याआधी मेलवर लिहून घ्या.